चक्कर येऊन पडणं म्हणजे फिटच का?

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे. वर्षभरात तीनदा शुद्ध हरपून पडली. एकदा कॉलेजात फीच्या रांगेत, एकदा रक्त तपासायला दिलं तेव्हा आणि आता नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनरांगेत. त्या दिवशी उपवास होता. आधी घाम फुटला, डोळ्यांपुढं अंधारी आली, असं ती सांगते. बायकांनी तिला धरून बसवलं, कांदा हुंगवला. तेव्हा हात झटकले, म्हणून सगळे ‘फिट’ म्हणतात. मिनिटभरात डोळे उघडून तिनं विचारलं, “आई, ओटीची पिशवी कुठाय?” मेंदूचा एमआरआय करू का? लग्नाचं बघतोय, झोप लागत नाही.
— एक आई, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, ओटीच्या पिशवीचं लिहिलंत ते फार बरं केलंत. फिट येऊन गेलेला माणूस बराच वेळ गोंधळलेला असतो, इतकं नेमकं विचारत नाही. ही भोवळच वाटते. उभं राहून रक्त पायांत साचतं, नाडी मंदावते, रक्तदाब घसरतो आणि मेंदूला काही सेकंद रक्त कमी पडतं. हात त्यातही झटकतात, आणि अशा वेळी माणसाला बसतं धरलं तर जास्तच. आडवं करून पाय वर उचलायचे. कांदा नको.

एमआरआय आत्ता नको, पण ईसीजी हवाच. तिथं मी कुणालाच सूट देत नाही. शिवाय हिमोग्लोबिन, आणि रक्तदाब आधी झोपवून, मग उभं करून तीन मिनिटांपर्यंत. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, तर कारण शोधावं लागेल. पळताना किंवा झोपेत शुद्ध गेली, आधी छाती धडधडली, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर थेट हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. खात्री झाल्याशिवाय फिटच्या गोळ्या सुरू करू देऊ नका. तो शिक्का पोरीला आयुष्यभर पुरतो.

रोज दोन-अडीच लिटर पाणी, रक्तदाब जास्त नसेल तर मीठ घातलेलं ताक. उपवासालाही पाणी सोडायचं नाही. रांगेत अंधारी आली की पायांवर पाय घट्ट आवळून मुठी वळायच्या, तरी कमी नाही वाटलं तर तिथंच खाली बसायचं. मुली लाजेनं भिंतीला टेकून उभ्या राहतात आणि डोकं फोडून घेतात, हे मी फार पाहिलंय.

पुन्हा झालंच, तर कुणाला तरी मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगा आणि ते डॉक्टरांना दाखवा.