गावाची लोकसंख्या 640 असूनही वाडीला रस्ता आणि गावाला एसटी का मिळत नाही?

तुम्ही लिहिलंय की गाव तीन वाड्यांत विखुरलंय, डांबर फक्त गावठाणापर्यंत आहे, एसटी फाट्यावरूनच निघून जाते आणि प्रत्येक ठिकाणी ‘लोकसंख्या कमी पडते’ एवढंच ऐकायला मिळतं. रस्त्यापुरतं ते खरं असू शकतं. एसटीच्या बाबतीत मात्र ती बहुधा पळवाट असते.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना महसुली गाव मोजत नाही, वस्ती मोजते. त्यामुळे 640 चा तिथे उपयोग नाही, रस्ता हव्या असलेल्या वाडीत किती माणसं आहेत ते सांगावं लागतं. योजनेच्या चौथ्या टप्प्यात 2011 च्या जनगणनेनुसार सर्वसाधारण भागात 500 आणि अनुसूचित क्षेत्रात (आदिवासी भाग म्हणून घोषित) किंवा आकांक्षित जिल्ह्यात (केंद्राने मागास म्हणून निवडलेला) 250 अशी अट आहे. सह्याद्रीतली गावं इथे हमखास फसतात. ‘आम्ही डोंगरी, आम्हाला 250’ असं धरून चालतात, पण ती डोंगरी सवलत हिमाचल, उत्तराखंडसारख्या राज्यांना आहे. जव्हार, मोखाडा, धडगाव 250 मध्ये बसतात ते अनुसूचित क्षेत्र म्हणून. पाटण किंवा महाडच्या वाडीला 500 च लागतात. कातकरी, कोलाम किंवा माडिया वस्ती असेल तर पीएम-जनमन या अतिमागास आदिवासींसाठीच्या केंद्राच्या योजनेतून मागा, तिथे 100 पुरतात.

आकडा कमी भरला तर लगेच सोडू नका. 500 मीटरच्या परिघातल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते. दोन वाड्या अशा जवळ असतील तर ग्रामसभेच्या ठरावात दोन्हींची नावं, अंतर आणि नकाशा द्या. आणि जमिनीची संमतीपत्रं आधी गोळा करा. योजनेत भूसंपादनाला पैसा नाही, एका बांधावर काम अडलं की ते वर्षानुवर्षं अडतं.

गावाचा आकडा जिल्हा जनगणना पुस्तिकेच्या ‘ब’ भागात मिळतो, ‘अ’ भागात बस, पक्का रस्ता वगैरे सोयी असतात. सोय नसेल तिथे a, b, c अशी अक्षरं दिसतील: 5 किलोमीटरच्या आत, 5 ते 10, 10 च्या पुढे. पण ही नोंद अख्ख्या महसुली गावाची असते, वाडीचा आकडा तिथे सापडत नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीच्या नमुना 8 (घरपट्टी आकारणीची नोंदवही) मधून वाडीवार घरं काढा आणि अंगणवाडीच्या कुटुंब सर्वेक्षणाशी ताडून बघा. मतदार यादीवर विसंबू नका, तिच्यात पोरं नसतात.

गावात ऊसतोडीला जाणारी कुटुंबं असतील तर 2011 चा आकडा मुळातच कमी असणार. गणना 9 ते 28 फेब्रुवारीला झाली, म्हणजे ऐन गळीत हंगामात, आणि त्या काळात जो सलग बाहेर होता तो जिथे सापडला तिथे मोजला गेला. पुढची गणनाही फेब्रुवारी 2027 मध्येच आहे.

आता एसटी. आगार व्यवस्थापक बघतो तो रस्ता आणि भारमान, म्हणजे गाडी किती भरते ते. दहा-अकरा मीटर लांबीची गाडी एका झटक्यात वळेल एवढी मोकळी जागा शेवटच्या थांब्यावर हवी. लोंबणाऱ्या विजेच्या तारा, रस्त्यावर झुकलेल्या फांद्या, पावसात बुडणारा फरशी पूल हे आधी मिटवा. ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतो, म्हणून वाहतुकीस योग्य असल्याचं पत्र तिच्या बांधकाम विभागाकडून घ्या. मग ठराव आणि ते पत्र आगाराला द्या, प्रत विभाग नियंत्रकांना.

अर्जात लोकसंख्या लिहून काही होत नाही. रोज कोण कुठे जातं ते लिहा: हायस्कूलची किती पोरं, किती वाजता, कुठल्या गावाला, बाजाराचा वार कोणता. नवी फेरी मागण्यापेक्षा फाट्यावरून जाणारीच गाडी आत वळवून मागा, ती लवकर मिळते. मुक्कामी गाडी हवी असेल तर चालक-वाहकाच्या झोपण्याची सोय गावाने करायची असते, तेही ठरावातच घाला.

गाडी सुरू झाल्यावर पहिले काही महिने वडापने (खासगी जीपने) जाऊ नका. पाच मिनिटं लवकर पोचायला लोक जीपमध्ये बसतात, एसटी रिकामी धावते, भारमान पडतं आणि फेरी बंद होते.