कायद्याचं बोलू : पुडी त्याची, दार तिने उघडलं

या वेळी पत्रं चाळताना लक्षात आलं की निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतायत, भाड्याच्या घरातून नवरा-बायको ड्रग्ज विकत होते, दोघांना शिक्षा झाली, आणि आता मागे राहिलेले विचारतायत की आमचं काय. म्हणून पोटगी, पार्किंग, वारसाहक्क सगळं पुढच्या अंकाला ढकललंय, त्या वाचकांनी रागावू नका.

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी कोपरखैरण्याला राहतो, वडील माथाडी होते, गाव साताऱ्याकडे. माझी मोठी बहीण आणि दाजी घणसोली गावठाणात वन रूम किचन भाड्याने घेऊन राहायचे. २०२२ ला रात्री रेड पडली, पिठाच्या डब्यात ६२ ग्रॅम एमडी, छोटा वजनकाटा, झिपलॉकच्या पिशव्या आणि रोख ४० हजार सापडले. गेल्या महिन्यात ठाण्याच्या कोर्टाने दोघांनाही १० वर्षं सक्तमजुरी आणि १-१ लाख दंड केला. धंदा दाजींचा होता, ताई फक्त कोणी आलं तर दार उघडून पुडी द्यायची, पैसे तिच्या यूपीआयवर यायचे कारण दाजींचं खातं बंद पडलेलं. मग दोघांना सारखीच शिक्षा कशी? बाई माणूस, पहिलाच गुन्हा, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५ चा, दोघं आमच्या आईकडे. कोणी सांगतं रेडला गॅझेटेड ऑफिसर नव्हता म्हणून हायकोर्टात केस उडेल, कोणी सांगतं लॅबमध्ये प्युअर माल ५० ग्रॅमच्या खाली भरतो. आणि जेलमध्ये नीट वागली तर किती वर्षांत सुटेल?
– एक भाऊ, कोपरखैरणे

उत्तर : दादा, तुमच्या पत्रात एक शब्द आहे, ‘फक्त’. फक्त दार उघडायची, फक्त पुडी द्यायची. तुमच्या दृष्टीने तो शब्द तिला वाचवतो आणि कायद्याच्या दृष्टीने तिची केस तिथेच अडकते, कारण पुडी हातात देणं म्हणजे कायद्यात विक्रीच, आणि एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २९ प्रमाणे जो कटात सामील किंवा जो मदत करतो त्याला मुख्य गुन्ह्याचीच शिक्षा लागते, मदतनिसाला कमी असा प्रकार तिथे नाही.

आता सारखी शिक्षा का, ते बघा. हा १९८५ चा कायदा वजनावर चालतो. एमडी म्हणजे मेफेड्रोन, २०१५ पासून ते या कायद्याच्या यादीत आहे, २ ग्रॅमपर्यंत अल्प मात्रा, ५० ग्रॅमच्या वर गेलं की व्यावसायिक मात्रा. अल्प मात्रेला जास्तीत जास्त १ वर्ष, मधल्या वजनाला १० वर्षांपर्यंत, म्हणजे जज साहेब १ पण देऊ शकतात ३ पण देऊ शकतात, पण एकदा ५० ची रेष ओलांडली की कमीत कमी १० वर्षं आणि कमीत कमी १ लाख दंड, वर २० वर्षं आणि २ लाखांपर्यंत. तुमच्या केसमध्ये ६२. रेषेच्या वर १२ ग्रॅम, म्हणजे साखरेचे तीन चमचे धरा. त्या तीन चमच्यांनी जजच्या हातातला अधिकार काढून घेतला. दोन लहान मुलं, पहिला गुन्हा, बाई माणूस, हे सगळं तुमच्या वकिलांनी शिक्षेच्या सुनावणीत सांगितलंच असेल आणि कोर्टाने ऐकलंही असेल, आणि तेवढ्यामुळेच १० वर थांबले, १२ किंवा १५ केले नाहीत. दहाच्या खाली यायला कायद्यात वाटच ठेवलेली नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर हे चूक आहे, माल आणणारा आणि त्याच्या सांगण्यावरून दार उघडणारी यात फरक करायची मुभा जजला असायला हवी, पण आज ती नाही.

लॅबमधल्या प्युअर मालाचं म्हणताय ते विसरा. २०२० मध्ये हिरा सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलंय की भेसळीसकट एकूण वजन धरायचं. आणि गॅझेटेड ऑफिसरची गोष्ट, ती तर चहाच्या टपरीवरचा प्रत्येक माणूस सांगतो. कलम ५० आहे अंगझडतीसाठी. माणसाच्या अंगावर, खिशात काही शोधायचं असेल तर त्याला विचारायचं की तुला गॅझेटेड ऑफिसर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती हवी का, आणि बाईची झडती बाईनेच घ्यायची. पिठाच्या डब्याला हे कलम लागत नाही. घर, बॅग, गाडी यांना लागत नाही, हे सुप्रीम कोर्टाने बऱ्याचदा सांगून झालंय.

मग अपिलात बघायचं काय? रेड रात्रीची होती असं तुम्ही लिहिलंय, ते महत्त्वाचं आहे. सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय घरात शिरायचं तर अधिकाऱ्याने तसं का करावं लागतंय ते लिहून ठेवायला लागतं, आणि मिळालेली खबर लिहून ७२ तासांत वरिष्ठांकडे पाठवायला लागते, हे कलम ४२. थोडा उशीर झाला आणि कारण दिलं तर कोर्ट सांभाळून घेतं, पण कागदच नसेल तर केस डळमळते. दुसरं म्हणजे सॅम्पल मॅजिस्ट्रेटसमोर काढलं का, मुद्देमालाचं सील पंचनाम्यापासून लॅबपर्यंत तेच राहिलं का, वजन प्रत्येक कागदावर सारखंच आहे का. तिसरं, यूपीआयचे आणि चॅटचे पुरावे कोर्टात कसे आले, त्याला इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं सर्टिफिकेट जोडलंय का. या सर्टिफिकेटचा सगळ्यात गाजलेला निकाल आपल्याच जालन्याच्या निवडणूक वादातून आलाय बरं, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, २०२०.

आणि सगळ्यात मोठा मुद्दा, तिला माहीत होतं का. नवऱ्याचा माल घरात सापडला म्हणून बायको आपोआप गुन्हेगार होत नाही, ताबा हा जाणूनबुजून असावा लागतो. पण इथे कायदा आरोपीवर उलटा फिरतो, एकदा सरकारी पक्षाने ताबा सिद्ध केला की कलम ३५ आणि ५४ प्रमाणे कोर्ट धरून चालतं की माहीत होतं, आणि नव्हतं हे आरोपीने दाखवायचं. नूर आगा निकालात (२००८) सुप्रीम कोर्टाने ही कलमं कायम ठेवली, फक्त आधी पायाभूत गोष्टी सरकारी पक्षाने सिद्ध करायच्या असं सांगितलं. तुमच्या ताईच्या बाबतीत किचन, पिठाचा डबा, खात्यात आलेले पैसे. घरातलं पीठ कोण मळतं हा प्रश्न सरकारी वकील पहिला विचारतो. खोटी आशा दाखवत नाही, हे जड आहे.

शेवटचं, सुटका. जेलमध्ये चांगलं वागलं की शिक्षा कमी होते ते इतर गुन्ह्यांत, एनडीपीएसला कलम ३२ए आडवं येतं, माफी नाही. मात्र २०२२ पासून आत काढलेले दिवस १० वर्षांतून वजा होणार. शिक्षा स्थगित करायचा अर्ज हायकोर्टात करता येतो पण व्यावसायिक मात्रेला कलम ३७ ची कडक अट, म्हणजे आरोपी निर्दोष असावा असं कोर्टाला वाटायला हवं, ती तिथेही लागते. अपिलाची मुदत निकालापासून ६० दिवस आणि त्यातला एक महिना तुमचा गेलाय, म्हणून हे मासिक बाजूला ठेवा आणि निकालाची कॉपी मिळाली का ते विचारा, आरोपीला ती फुकट मिळते. वकिलाला पैसे नसतील तर जेलमधूनही अपील पाठवता येतं.

मुलांचं. सहा वर्षांच्या आतलं मूल आईजवळ जेलमध्ये ठेवता येतं, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यासाठी नियम घालून दिलेत, पण तुमचा भाचा ५ चा आहे आणि आजीकडे रुळलाय, वर्षभरासाठी त्याला आत नेऊन परत बाहेर काढण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. भाचीला शाळेने आई-वडिलांच्या सह्यांवरून अडवलं तर अडू नका, ६ ते १४ च्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात बालसंगोपन योजनेची चौकशी करा. भेटीला मुलांना नेताना आधी फोन करून ठरवा, येरवडा किंवा कल्याण जिथे कुठे असेल तिथे, दारातून परत यायला लागलं की ती पोरं आठवडाभर बोलत नाहीत, हे माझ्या अशिलांकडून ऐकलंय.

प्रश्न : मी रिटायर माणूस. घोडबंदर रोडला कासारवडवलीत एक फ्लॅट घेऊन ठेवला तो एका जोडप्याला भाड्याने दिला, दोघं नीटनेटके, महिन्याच्या ५ तारखेला भाडं. त्यांना अमली पदार्थाच्या केसमध्ये पकडलं आणि मला तीनदा पोलीस स्टेशनला बोलावलं. मी पण आरोपी होणार का? फ्लॅट जप्त होईल का? त्यांचं सामान आत आहे ते काढून टाकू का?
– ज्येष्ठ नागरिक, ठाणे पश्चिम

उत्तर : काका, घाबरू नका आणि सामानाला हात लावू नका, त्यातलं काहीही उद्या मुद्देमाल ठरू शकतं. पोलिसांनी सील केलं असेल तर कोर्टात अर्ज करून चावी मागायची, आणि अॅग्रीमेंटची मुदत संपूनही ताबा मिळत नसेल तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायचं, कुलूप तोडायचं नाही.

घरमालकासाठी एनडीपीएसमध्ये कलम २५ आहे, पण त्यातला शब्द आहे ‘जाणूनबुजून’. माहीत असून घर वापरू दिलं तर तुम्हालाही तीच शिक्षा, माहीत नसेल तर नाही. आता माहीत नव्हतं हे कशावरून? लीव्ह अँड लायसन्स रजिस्टर केलंय का? १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे, रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची, नाही केलं तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, आणि कहर म्हणजे लेखी करारच नसेल तर वाद झाल्यावर भाडेकरू म्हणेल त्या अटी खऱ्या धरतात. भाडेकरूची माहिती पोलिसांना दिली होती का, ऑनलाइन फॉर्मची पावती आहे का? पोलीस आयुक्तांच्या आदेशाप्रमाणे ती द्यायची असते, नाही दिली तर त्याचा गुन्हा वेगळा नोंदतात. भाडं बँकेतून आलंय की रोख? बाजारभावापेक्षा दुप्पट भाडं रोखीत घेणाऱ्या मालकाला कोर्ट ‘मला काय माहीत’ म्हणू देत नाही. तुमचं तसं नसावं असं पत्रावरून वाटतं. तुमचा फ्लॅट तुमच्या पैशाचा असेल तर तो ड्रग्जच्या पैशातली मालमत्ता म्हणून जात नाही, पण खरेदीचे कागद हाताशी ठेवा. बहुतेक तुम्हाला साक्षीदार म्हणून समन्स येईल, जोडपं तिथे राहत होतं एवढं सिद्ध करायला. ओरिजिनल अॅग्रीमेंट घेऊन जा, कोर्टनाक्याला पार्किंग मिळत नाही, रिक्षाने जा.

प्रश्न : आमच्या खारघरच्या सोसायटीत या बातम्यांनंतर ठराव करायचाय की भाडेकरू फक्त फॅमिलीच घ्यायचे, बॅचलर नको. कायदेशीर आहे का?
– सेक्रेटरी

उत्तर : सेक्रेटरी साहेब, ज्या बातम्या वाचून तुम्ही ठराव करताय त्यातले आरोपी फॅमिलीच होते हो! लग्नाचा फोटो भिंतीवर, दारात तुळस. पोलिसांना दिलेल्या माहितीची पावती आणि रजिस्टर अॅग्रीमेंटची कॉपी मागा, त्याचा उपयोग होतो. फ्लॅट भाड्याने देताना मालकाने सोसायटीला कळवायचं असतं, तुमची परवानगी घ्यायची नसते, तेव्हा तो ठराव टिकायचा नाही.

प्रश्न : ताई, नाव छापू नका. कळव्याला भाड्याच्या खोलीत राहते. नवरा आधी फक्त ओढायचा, आता कपाटात वरच्या कप्प्यात चिकटपट्टी लावलेली पाकिटं ठेवतो, लोक रात्री येतात. विचारलं की म्हणतो तुला काय करायचंय. मी ती गटारात टाकून देऊ का? मला पण पकडतील का? मूल तीन वर्षांचं आहे.

उत्तर : बाई, टाकू नका, उघडू नका, जागा बदलू नका, वजन करून बघू नका. टाकलंत तर पुरावा नष्ट केल्याचं तुमच्यावर येईल आणि माल ज्याचा तो तुम्हाला सोडणार नाही ते वेगळंच. नुसतं माहीत असणं हा गुन्हा नाही, पण कपाट तुमच्या घरातलं, चावी तुमच्या कमरेला, आणि वर पहिल्या पत्रात वाचलंत ना माहीत होतं की नव्हतं हे कोण कुणाला पटवतं. एकाही माणसाला एकही पाकीट हातात देऊ नका, एकही रुपया तुमच्या मोबाइलवर घेऊ नका, अॅग्रीमेंटवर सही करायला सांगितली तर करू नका.

नवरा स्वतः पण घेतो असं दिसतंय. जो व्यसनी स्वतःहून उपचार घेतो त्याला कलम ६४ए खाली सेवनाच्या आणि अल्प मात्रेच्या गुन्ह्यात कारवाईपासून संरक्षण आहे, पण रात्री लोक येतायत म्हणजे गोष्ट त्याच्या पुढे गेलेली असू शकते, म्हणून त्या आशेवर घरात थांबून राहू नका. मुलाला घेऊन माहेरी किंवा बहिणीकडे जा, आधी जा. मग १९३३ वर फोन करा, अमली पदार्थांसाठीची ती राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. मारहाण झाली तर ११२. नवऱ्याने तुम्हाला तोंडाने जे सांगितलं ते त्याच्या संमतीशिवाय तुम्ही कोर्टात सांगू शकत नाही, पण डोळ्यांनी जे पाहिलं, कोण आलं, किती वाजता आलं, ते सांगू शकता. तारखा आठवतील तशा लिहून काढा, वही मात्र घरात ठेवू नका.

आणि वकील. ठाण्याच्या जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे जाऊन सांगा की मला मोफत वकील हवा. फोनवर विचारायचं तर १५१००. उत्पन्नाचा दाखला मागितला तर सांगा की बाईला लागत नाही, १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये लिहिलंय, कमाई कितीही असो.