ब्रेक मारणारीचं करिअर करू का?

तुझं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, तू बायोटेकच्या सेकंड इयरला आहेस, जीन एडिटिंगचं वेड आहे, पण फिलॉसॉफीही आवडते, आणि बायोएथिक्समध्ये, म्हणजे जीवशास्त्र आणि वैद्यकातल्या नीतीच्या प्रश्नांच्या अभ्यासात, मास्टर्स करू का असं घरी विचारलंस तर बाबा म्हणाले, "म्हणजे बाकीचे गाडी चालवणार आणि तू ब्रेक मारत बसणार". आणि खाली तू विचारलंयस की सायन्सने नीतिमत्तेसाठी स्पीड कमी करावा का, की हे लोक नुसता खोडा घालतात.

सरसकट कमी करावा असं मला अजिबात वाटत नाही. उशीर झाला तर त्याची किंमत पेशंट मोजतो, हे एथिक्सवाले कधीकधी सोयीने विसरतात. पण कुठली एक पायरी हळू चढायची हे कुणीतरी नेमकं सांगायला लागतं ना. 1974 मध्ये पॉल बर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच जाहीर पत्र लिहून सांगितलं की रिकॉम्बिनंट डीएनएचे, म्हणजे एका जीवाचा डीएनए दुसऱ्याच्या डीएनएला जोडण्याचे, काही प्रयोग तूर्त थांबवू, 1975 च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात असिलोमारला सगळे जमले, कुठल्या प्रयोगाला किती खबरदारी हे ठरवलं आणि परत कामाला लागले. त्याच तंत्राने बनवलेल्या इन्सुलिनला 1982 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. फार काही रखडलं असं म्हणता येईल का?

आता उलटं बघ. 1999 मध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर नावाचा 18 वर्षांचा मुलगा जीन थेरपीच्या, म्हणजे शरीरात नवा जीन घालून आजार बरा करायच्या उपचाराच्या, ट्रायलमध्ये गेला. त्याचा आजार डाएट आणि औषधांवर आटोक्यात होता, म्हणजे जिवावर बेतलंय म्हणून नाही, इतरांच्या कामी येईल म्हणून गेला, आणि इंजेक्शननंतर चार दिवसांत वारला. नंतर चौकशीत कळलं की आधी माकडं दगावली होती ते संमतीपत्रात आलंच नव्हतं. त्यानंतर अख्खी जीन थेरपीच कित्येक वर्षं मागे पडली. बाबांना हे जरूर सांग, ब्रेक न मारल्याने गाडी जास्त वेळ गॅरेजमध्ये पडते कधीकधी.

फिलॉसॉफीवाल्यांचं तिथे नेमकं काम काय, तर मेरी वॉर्नॉक बघ. या बाई फिलॉसॉफर. टेस्ट ट्यूब बेबी आल्यावर ब्रिटन सरकारने कमिटी नेमली आणि ती यांच्याकडे दिली, 1984 मध्ये रिपोर्ट आला, की लॅबमध्ये मानवी भ्रूण 14 दिवसांपलीकडे वाढवायचा नाही. 14 च का? कारण साधारण त्या सुमाराला भ्रूणावर एक पुसटशी रेघ उमटते, प्रिमिटिव्ह स्ट्रीक म्हणतात तिला, त्याआधी त्याचे दोन होऊन जुळीही होऊ शकतात, म्हणजे "हा एक जीव" असं म्हणायलाच जागा नसते. हे कमिटीत कळलं कारण अ‍ॅन मॅक्लॅरेनसारख्या भ्रूणतज्ज्ञ शेजारी बसल्या होत्या. नुसत्या फिलॉसॉफीने 14 हा आकडा आला नसता आणि नुसत्या मायक्रोस्कोपनेही नाही. शिवाय आकडा ठरला म्हणून लॅबवाल्यांना काम बिनधास्त करता आलं, हे कुणी बोलत नाही!

पैशाचं विचारलंयस. माणसाचा सगळा डीएनए वाचून काढणाऱ्या ह्युमन जीनोम प्रोजेक्टने बजेटचे 3 ते 5 टक्के अशाच प्रश्नांसाठी बाजूला काढले होते, आज हॉस्पिटलच्या एथिक्स कमिट्या, औषधांच्या ट्रायल्स, नियामक संस्था, एआय कंपन्या, सगळीकडे हे काम आहे. पण खरं सांगतो, पूर्णवेळ पदं मोजकीच, आणि तिथे बरेचसे लोक आधी डॉक्टर, वकील किंवा सायंटिस्ट असतात. म्हणून माझं मत, आत्ता उडी नको. एमएस्सी लॅबमधूनच कर, पिपेट हातात धरून, आणि एथिक्स सोबत पार्टटाइम कोर्सने. ज्याला प्रयोग कळत नाही त्याचं लॅबमध्ये कुणी ऐकत नाही, आणि ते बरोबरच आहे.

तोवर एक काम कर. कुठल्याही ट्रायलचं संमतीपत्र मिळव आणि घरात जो सगळ्यात कमी शिकलाय त्याला वाचायला दे. माझ्या एका विद्यार्थिनीने लिहिलेला संमतीचा फॉर्म एथिक्स कमिटीने तीनदा परत पाठवला होता, "नमुना भविष्यातील संशोधनासाठी वापरला जाऊ शकतो" या एका ओळीवरून, कुणाचं संशोधन, किती वर्षं, नको म्हटलं तर काय. ती वैतागली होती, पण चौथ्यांदा लिहिलं तेव्हा तिलाच पहिल्यांदा कळलं की आपण नक्की काय मागतोय. तू पण लिहून बघ आणि पाठव मला, मग मास्टर्सचं बोलू.