लाकडी ट्रेवर ॲक्रिलिकने शोभेचा चतुर (ड्रॅगनफ्लाय) काढायचा आहे. पंख पारदर्शक कसे दाखवावेत? स्टेन्सिल कुठली घ्यावी?

स्टेन्सिल घेऊच नका. मी पाहिलेल्या बहुतेक स्टेन्सिलींत चारही पंख एकाच मापाचे, तेही शेपटीच्या मध्यातून फुटलेले, आणि डोक्यावर फुलपाखराच्या लांब मिशा. असा किडा जगात नाही.

याच मुद्द्यावरून माझा एका क्लासमध्ये चांगलाच वाद झाला होता. तिथे एमडीएफचे (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे) ट्रे रंगवायला शिकवायचे. बाईंच्या हाताला सफाई होती, गुलाब असे काढायच्या की बघत राहावं. चतुराचं सॅम्पल मात्र त्या स्टेन्सिलीसारखंच. मी विचारलं, "बाई, पंख शेपटीतून कसे निघाले?" तर म्हणाल्या, "अहो, शोभेचा आहे. पंख कुठून निघतात ते बघायला कोण बसलंय?"

मला ते लागलं. माझं लहानपण कराडजवळच्या खेड्यात गेलं. भाद्रपदात ऊन पडलं की मोकळ्या रानावर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालायचे. पावसाबरोबर येणारे हेच चतुर पुढे समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात, हे मला खूप नंतर कळलं. आम्ही पोरं त्यांना धरून शेपटीला दोरा बांधायचो (आता कुणी करू नये). धरायचं ते चारही पंख पाठीवर एकत्र आणून, चिमटीत. त्यामुळे पंख कुठून निघतात हे आम्हाला बोटांनीच पाठ होतं: डोक्यामागच्या त्या फुगीर छातीतून. शेपटीचा आणि पंखांचा काही संबंध नाही.

नंतर जिन्यातल्या दिव्याखाली एक मेलेला चतुर सापडला, तो मिठाईच्या खोक्यात घालून भिंगासकट क्लासला नेला. पुढचे पंख अरुंद, मागचे बुडाशी रुंद. पुढची कड जाड, तिच्या मध्यावर एक सांधा. आणि टोकाजवळ तांबूस, लांबट ठिपका. हा ठिपका नुसता नक्षीचा नाही. तिथे पंख जड असतो, त्या वजनामुळे तरंगताना तो थरथरत नाही. बाईंनी भिंगातून पाहिलं, "छान आहे हो" म्हणाल्या आणि सॅम्पल तसंच ठेवलं. बाकीच्यांनी सॅम्पलसारखा काढला, मी खोक्यातल्यासारखा. माझं म्हणणं आजही तेच आहे: चतुराची शोभा त्याच्या बांधणीत आहे. ती मोडली की कितीही चमकी लावा, उपयोग नाही.

आता तुमचे पंख. पारदर्शक म्हणजे मागचं दिसलं पाहिजे, म्हणून आधी पार्श्वभूमी पूर्ण करून वाळू द्या. गडद हिरवी किंवा निळी असेल तर उत्तम. बटर पेपरवरून चित्र उतरवा. ग्लेझिंग मीडियममध्ये (रंग पारदर्शक करणारं द्रव) पर्ल व्हाइट अगदी नखभर मिसळून एकच पातळ हात द्या. टायटॅनियम व्हाइट नको, ते सगळं झाकून टाकतं. मीडियमऐवजी नुसतं पाणीही ओतू नका. पाणी जास्त झालं की रंगाची पकड जाते आणि पुढच्या हाताला तो उखडतो.

वाळलं की ००० नंबरच्या ब्रशने पंखांवरच्या शिरा काढा. रंग शाईइतका पातळ हवा. आधी जाड कड, मग सांधा, मग छातीकडून निघणाऱ्या लांब शिरा, शेवटी आडव्या. पुढच्या कडेला चौकोनी घरं पडतात, मागच्या कडेला बारीक, वेडीवाकडी. सगळी काढायला जाऊ नका, जाळी दाटते. टोकाचा ठिपका टूथपिकने. शेपटीला १० कड्या असतात, म्हणून डॉटिंग टूलने (गोल टोकाची ठिपके द्यायची काडी) लहान लहान होत जाणारे १० ठिपके एकमेकांना चिकटवून द्या. डोळे ब्रशच्या मागच्या टोकाने, मोठे आणि एकमेकांना टेकलेले. डोळे लांब लांब आणि पंख मिटलेले काढलेत तर ती टाचणी झाली, म्हणजे चतुराचा नाजूक भाऊबंद किडा.

मेल्यावर चतुराचा रंग उडतो, म्हणून रंगासाठी जिवंत चतुराचा फोटो समोर ठेवा, बांधणीसाठी मात्र मेलेलाच बरा. आणि सगळ्या चतुरांचे पंख काचेसारखे नसतात. भातखाचरात काळ्या-पांढऱ्या पंखांचाही दिसतो, त्याला ग्लेझ फक्त टोकांकडे लागेल. क्लास लावायचा विचार असेल तर आधी तिथला चतुर बघा, मग फी भरा.

ट्रे एमडीएफचा असेल तर कडांना २२० नंबरचा पॉलिश पेपर मारून प्रायमरचे दोन हात द्या, नाहीतर पाणी लागून त्या फुगतात. वरून वार्निश केलंत तरी गरम कप थेट चित्रावर ठेवू नका. ॲक्रिलिक उष्णतेने मऊ पडतं आणि कपाचा गोल उठतो.