सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा उडतो, थडथडतो आणि गळतो. स्प्रिंग थोडी आवळली तर चालेल का?

नाही चालणार. पुस्तकातलं सांगत नाहीये, मी स्वतः ती एकदा आवळलेली आहे.

तुम्ही लिहिलंय की वाफेच्या हेडरवरचा (वाफ वाटणाऱ्या मुख्य पाइपवरचा) व्हॉल्व्ह आठवड्यातून दोनतीनदा उडतो, म्हणजे प्रेशर चढून उघडतो आणि वाफ सोडतो, उडाला की थडथडतो, बसल्यावरही सूं सूं करत राहतो, आणि दोनदा दुरुस्त करून आणला तरी रड तीच. शिवाय खाली आयसोलेशन व्हॉल्व्ह (वाट बंद करणारा) टाकावा का आणि टेस्टिंग किती दिवसांनी करावं, हेही विचारलंय. सोबत नेमप्लेटचा स्वच्छ पुसून काढलेला फोटो. शेवटच्या दोन प्रश्नांवर खाली कुठेतरी येईन, पण पहिल्याने जुनी खपली निघाली आहे, तेव्हा आधी ती.

आमच्याकडे पीआरएसच्या (वाफेचं प्रेशर उतरवणाऱ्या स्टेशनच्या) पुढच्या हेडरवर असाच एक होता. टू जे थ्री, म्हणजे इनलेट दोन इंच, ओरिफिस (आतलं भोक) जे मापाचं, आउटलेट तीन इंच. सेट प्रेशर, म्हणजे ज्याला तो उघडतो ते, १० किलो (चौरस सेंटिमीटरला), आणि हेडरवरच्या जॅकेटेड व्हेसल्सचं (वाफेचं आवरण असलेल्या टाक्यांचं) डिझाइन प्रेशर साडेदहा. दिवसा एकदम गुणी. रात्री लोड उतरला की पीआरएसचा कंट्रोल व्हॉल्व्ह पास व्हायचा, म्हणजे बंद असूनही वाफ सोडायचा, हेडर हळूहळू चढायचा आणि दोन-अडीचच्या सुमाराला सेफ्टी उडायची. धडपणे एकदा पॉप होऊन, वाफ सोडून बसली असती तर कोणाला काही वाटलं नसतं. पण ही ठोके मारत सुटायची. सेकंदाला किती, ते मोजता यायचं नाही. प्लॅटफॉर्मची जाळी पायाखाली थरथरायची.

व्हॉल्व्हची दुरुस्ती माझ्याकडे. काढला, उघडला. डिस्क (झाकण) आणि ती जिच्यावर बसते त्या नोझलच्या सीटवर हातोडीने ठोकल्यासारख्या खुणा, डिस्क होल्डर गाइडमध्ये घासलेला. दोन्ही सीटचं लॅपिंग केलं, म्हणजे घासून सपाट केल्या. वेगवेगळ्या लॅपवर केलं हे मुद्दाम सांगतो, कारण डिस्कच नोझलवर घासून 'मॅच' करणारे महाभाग मी पाहिले आहेत. ऑप्टिकल फ्लॅट (सपाटी तपासायची काच) ठेवून प्रकाशाच्या पट्ट्या सरळ आल्या. टेस्ट बेंचवर लागोपाठ तीन पॉप (धडकन उघडणं), तिन्ही १० ला. मग ९ किलोवर सीट लीकेज: आउटलेटला ६ मिलिमीटरची नळी, टोक पाण्यात १३ मिलिमीटर खाली, आणि बुडबुडे मोजत बसायचं. या ओरिफिसच्या धातूच्या सीटला एपीआय ५२७ (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं मानक) मिनिटाला २० बुडबुडे माफ करतं. माझे तीन आले.

बसवला. तिसऱ्या आठवड्यात परत तेच. परत काढला, परत लॅपिंग, परत बेंच, परत पास. चौथ्या आठवड्यात परत तेच. त्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझ्या हाताला आता सफाई राहिली नाही." साहेब हुशार माणूस, खोटं कशाला बोलू. पण हे वाक्य मी अजून गिळलेलं नाही.

त्याच आठवड्यात रात्री फोन आला. सेफ्टी पुन्हा थडथडतेय, शिफ्टवाले वैतागलेत, आणि साहेब म्हणाले, "अर्धा आटा दे आणि झोप. सकाळी बघू." मी गेलो. सील तोडलं, कॅप काढली, लॉकनट सैल केला आणि अर्धा आटा आवळला. सगळं शांत. शिफ्ट खूश, साहेब खूश. मी घरी येऊन पहाटेपर्यंत छताकडे बघत पडलो, कारण त्या क्षणी तो व्हॉल्व्ह कितीला उघडेल हे पृथ्वीतलावर कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही.

सकाळी कोणाला न विचारता हेडर बंद करून व्हॉल्व्ह काढला आणि बेंचवर लावला. ११.२ ला उडाला. अर्ध्या आट्यात १.२ किलो. पुढच्या व्हेसलचं डिझाइन साडेदहा आहे हे वर सांगितलंच आहे. एकट्या व्हॉल्व्हला एएसएमई सेक्शन आठप्रमाणे (प्रेशर व्हेसल्सचा अमेरिकन कोड) त्या साडेदहावर फार तर १० टक्के, म्हणजे साधारण साडेअकरापर्यंत प्रेशर जाऊ देता येतं, आणि तेसुद्धा व्हॉल्व्ह उघडून वाफ सोडत असताना. ११.२ ला उघडायला लागणारा व्हॉल्व्ह पूर्ण उघडेपर्यंत ती हद्द ओलांडून गेलेला असतो. म्हणजे रात्रभर माझ्या अर्ध्या आट्याखाली लोक काम करत होते. तुमची 'थोडी' अशी असते.

१८३१ मध्ये अमेरिकेत 'बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्सटन' नावाच्या इंजिनावरच्या फायरमनला सेफ्टी व्हॉल्व्हचा आवाज सहन होईना, म्हणून त्याने तो दाबून बंद केला. बॉयलर फुटला, तोही त्यात गेला. जवळपास दोनशे वर्षं झाली, आवाज बंद करायची खाज तीच आहे.

असो. व्हॉल्व्ह पुन्हा १० ला सेट करून बसवायला गेलो तेव्हा पहिल्यांदा मी व्हॉल्व्हकडे न बघता त्याच्या खाली बघितलं. दोन महिने मी व्हॉल्व्हमध्येच डोकं घालून बसलो होतो. जुन्या ड्रॉइंगमध्ये तो थेट हेडरच्या नोझलवर (हेडरच्या तोंडावर) होता. प्रत्यक्षात हेडरपासून साडेतीन मीटर पाइप, मध्ये दोन एल्बो, आणि मग व्हॉल्व्ह. नवीन प्लॅटफॉर्म झाला तेव्हा हाताशी यावा म्हणून कोणीतरी हलवला होता. ते काम कोणाच्या सहीने झालं होतं हे तुम्ही ओळखलं असेलच.

मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "पाइपची साइझ तीच आहे ना? दोन इंच व्हॉल्व्हला दोन इंच पाइप. मग?"

हा 'मग?' फार लोकांना पटतो, म्हणून सविस्तर लिहितो. व्हॉल्व्ह बंद असताना पाइपमध्ये प्रवाह नाही, त्यामुळे हेडरला १० असेल तर व्हॉल्व्हच्या तोंडाशीही १०. तो उघडतो. आता ताशी पाच टनांच्या आसपास वाफ त्या दोन इंची पाइपातून धावायला लागते, वेग सेकंदाला शंभर मीटरच्या घरात. साडेतीन मीटर पाइप, दोन एल्बो आणि हेडरमधून पाइपात शिरतानाचा तोटा मिळून माझ्या हिशोबाने एक किलोच्या जवळ प्रेशर वाटेतच खाल्लं जात होतं. म्हणजे हेडरला १० आहे, पण व्हॉल्व्हला दिसतात ९. त्याचा ब्लोडाउन (सेटच्या किती खाली बसतो ते) ७ टक्के, म्हणजे तो ९.३ ला बसणार. बसतो. बसला की प्रवाह थांबला, तोटा गेला, तोंडाशी परत १०. उघडतो. हेच चक्र जोरात फिरलं की थडथड, आणि थडथड म्हणजे डिस्क सीटवर ठोके मारतेय. ठोके खाल्लेली सीट गळणारच. म्हणून इनलेटचा तोटा सेट प्रेशरच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवायचा, एपीआय ५२० मध्ये आहे. आमच्याकडे ०.३ किलो चालला असता, होत होता तिप्पट.

आणि बेंचला पाइप नसतो. बेंचवर व्हॉल्व्ह बसतो थेट टेस्ट ड्रमवर, शिवाय तिथे पूर्ण प्रवाह कधी होतच नाही, नुसता पॉप ऐकू येतो. म्हणून बेंचवर दर वेळी पास आणि जागेवर दर वेळी नापास. 'दोनदा दुरुस्त करून आणला तरी तेच' हे तुमचं वाक्य वाचून मी हे सगळं लिहायला बसलो. ज्याच्याकडून दुरुस्त करून आणला त्याला शिव्या देण्याआधी खालचा पाइप मोजा.

शटडाउनमध्ये व्हॉल्व्ह परत हेडरच्या नोझलवर आणला. हाताशी यावा म्हणून छोटी शिडी लावली, बस. त्याच शटडाउनमध्ये पीआरएसच्या कंट्रोल व्हॉल्व्हचा ट्रिमही (आतले प्लग आणि सीट) बदलला, आणि इथे माझं नशीब फुटकं. व्हॉल्व्ह गप्प झाल्यावर साहेब सगळ्यांना सांगत फिरले की ट्रिम बदलल्यामुळे झालं.

ट्रिम बदलल्यामुळे तो उडायचा थांबला, मान्य. पण उडणं आणि थडथडणं हे दोन वेगळे आजार आहेत. प्रेशर का चढतं, याचं उत्तर पीआरएसमध्ये होतं. उघडल्यावर नीट का बसत नाही, याचं उत्तर पाइपमध्ये. त्यानंतर एकदा कंट्रोल व्हॉल्व्हची एअर गेली आणि सेफ्टी उडाली तेव्हा मी खाली उभा होतो. एक पॉप, एकसुरी आवाज, नऊच्या वर थोडं असताना बसली, आणि एक थेंब गळली नाही. ट्रिमचा त्यात काय संबंध? हे मी साहेबांना विचारलंही. ते म्हणाले, "एका वेळेवरून काही सिद्ध होत नाही."

तेव्हा तुम्ही आधी हे बघा की तुमच्याकडे प्रेशर मुळात चढतंय का. चालू प्रेशर सेटच्या ९० टक्क्यांच्या वर ठेवून कोणी हेडर चालवत असेल तर व्हॉल्व्ह सूं सूं करणारच, त्याला दोष देऊ नका.

आयसोलेशन व्हॉल्व्ह: माझं मत, टाकू नका. २००८ च्या जूनमध्ये ह्यूस्टनच्या गुडइयर कारखान्यात अमोनियाच्या हीट एक्स्चेंजरवर रप्चर डिस्क (प्रेशर वाढलं की फुटणारी चकती) बदलायला रिलीफ व्हॉल्व्हखालचा आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद केला. डिस्क बदलून झाली, तो उघडायचा राहिला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच माणसाने अमोनियाची उरलेली वाटही बंद केली आणि ट्यूब साफ करायला वाफ सोडली. एक्स्चेंजर फुटून एक कर्मचारी गेला. चालू प्लांटमध्ये काढावाच लागत असेल तर दोन सेफ्टी आणि मध्ये चेंजओव्हर व्हॉल्व्ह, म्हणजे एक वाट कायम उघडी राहते. तेही जमत नसेल तर फुल बोअर (पाइपाएवढ्या भोकाचा) व्हॉल्व्ह, उघडा ठेवून कुलूप, किल्ली एकाकडे आणि नोंद वहीत. गेट व्हॉल्व्ह असेल तर स्पिंडल आडवा ठेवा, गेट तुटून खाली पडला तर वाट बंद व्हायला नको.

टेस्टिंगचा ठरलेला आकडा नाही. एपीआय ५१० साधारण पाच वर्षांची कमाल मर्यादा देतं, पण तुमच्यासारखा रडका व्हॉल्व्ह वर्षाला काढा. काढल्यावर धुण्यापुसण्याआधी, आहे तसा बेंचवर लावा आणि पहिला पॉप कितीला येतो ते लिहा. सगळे आधी साफ करतात, मग टेस्ट करतात, आणि जागेवर तो चिकटला होता की नाही हे कायमचं हरवून बसतात. तो पहिला आकडा दोनतीनदा ठीक आला की मुदत वाढवा.

लिव्हर ओढून बघायचा असेल तर हेडरमध्ये सेटच्या ७५ टक्के तरी प्रेशर असू द्या. हायड्रोटेस्टला (पाण्याच्या प्रेशर टेस्टला) गॅग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडू नये म्हणून स्क्रू, लावला असेल तर तो काढल्याची सही कोणाची आहे ते बघा. डिस्चार्ज पाइपला स्वतःचा सपोर्ट द्या, व्हॉल्व्हवर लटकवू नका, आणि त्याच्या तळाचं ड्रेनचं भोक उघडं आहे का तेही बघा. बेलोजवाला (आत धातूचा भाता असलेला) असेल तर बॉनेटचा (स्प्रिंगच्या घराचा) व्हेंट बंद करू नका. 'गळतोय' म्हणून तिथे प्लग मारणारे मी पाहिलेत.

आता हे आधी लिहायला हवं होतं: थडथड फक्त पाइपमुळेच होते असं नाही. गरजेपेक्षा फार मोठा व्हॉल्व्ह निवडला असेल तरी होते. डिस्चार्ज लाइन लांब असेल आणि उघडल्यावर मागचं प्रेशर सेटच्या १० टक्क्यांच्या वर जात असेल तर साधा व्हॉल्व्ह तसाच वागतो. पायलट ऑपरेटेड (स्प्रिंगऐवजी छोट्या व्हॉल्व्हने चालणारा) असेल तर माझं अर्धं लिखाण बाजूला ठेवा. आणि बॉयलरवरचाच व्हॉल्व्ह असेल तर त्याला तुम्ही हातही लावू नका, इन्स्पेक्टरला कळवा.

आणि नेमप्लेटचा फोटो छान आलाय, पण त्यावरून मला काही सांगता येणार नाही. हेडरपासून व्हॉल्व्हच्या फ्लँजपर्यंतचा सगळा पाइप दिसेल असा एक फोटो टाका.