एफडी मोडून शेंदुर्णी स्टेशन उभारावं का?

पत्र थोडक्यात असं: मी ६४ वर्षांचा निवृत्त माध्यमिक शिक्षक. जळगावला स्वतःच्या घरात आम्ही दोघंच राहतो. पेन्शन ३८,००० रुपये, घरखर्च ३४,००० च्या आसपास. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख आहेत आणि बँकेत ९ लाखांची एकच एफडी, तीन वर्षांची, ७.२५ टक्क्यांनी, तिला १९ महिने झाले. आम्हा दोघांची ५ लाखांची आरोग्य पॉलिसी नऊ महिन्यांपूर्वी घेतली. पत्नीचे गुडघे दुखतात, डॉक्टर म्हणालेत वर्ष-दीड वर्षात ऑपरेशन करून घ्या. माझं लहानपण शेंदुर्णीत गेलं. पाचोरा–जामनेर गाडी बंद पडल्यापासून तिचं छोटं मॉडेल घरात करायचं मनात आहे. रिकाम्या खोलीत १० बाय ६ फुटांचं टेबल आणि परदेशातून सामान, अशी २ लाख ७५ हजारांची यादी सोबत जोडली आहे. एफडी मोडू का? मुलगा म्हणतो, ते पैसे म्युच्युअल फंडात टाका. जावई म्हणतात, अशा मॉडेलांच्या किमती वाढतात, गुंतवणूकच समजा. पत्नी म्हणते, या वयात खेळणी कशाला, आणि मुलं दिवाळीला आली की झोपायची कुठे?

सर, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. माझं आजोळ पहूरचं. सुट्टी संपली की आजी भरताची वांगी पिशवीत घालून आम्हाला पीजेत, म्हणजे तुमच्या त्या पाचोरा–जामनेर गाडीत, बसवून द्यायची, आणि पाचोऱ्याला मोठ्या गाडीत बदली करताना त्या पिशवीची राखण माझ्याकडे असायची. त्यामुळे तुमच्या प्रश्नाकडे मी तटस्थपणे बघू शकत नाही. म्हणूनच आकडेमोड जरा जास्त कडकपणे केली आहे.

आधी उत्तर सांगते. पीजे करा. एफडी मोडू नका. आणि ती २ लाख ७५ हजारांची यादी बाजूला ठेवा, कारण त्या यादीतून पीजे तयारच होत नाही.

हे शेवटचं आधी समजावून सांगते, कारण सगळ्यात मोठी बचत इथेच आहे. यादीतली इंजिनं, डबे आणि रूळ एचओ मापाचे आहेत, म्हणजे १:८७. त्या रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. त्याला ८७ ने गुणलं की १,४३५ मिलिमीटर येतात, म्हणजे युरोप-अमेरिकेतला नेहमीचा गेज. आपला ब्रॉडगेज १,६७६ आणि पीजेचा नॅरोगेज ७६२ मिलिमीटरचा. म्हणजे ही यादी जशीच्या तशी मागवलीत तर शेंदुर्णीच्या फलाटावर जर्मनीची गाडी येऊन उभी राहील, आणि मला वाटतं, पहिल्याच संध्याकाळी तुमचा हिरमोड होईल.

आता ७६२ ला ८७ ने भागा. ८.७६ येतात. बाजारात ९ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात, एन स्केलचे, म्हणजे एचओहून लहान मापाच्या मॉडेलांचे. फरक पाव मिलिमीटरचा, डोळ्यांना कळणारही नाही. एन स्केलचं एखादं लहान डिझेल इंजिन घ्यायचं, त्याची मोटर, चाकं आणि सांगाडा ठेवायचा, वरची टोपी, म्हणजे बाहेरचं कवच, काढायची आणि त्या जागी १:८७ मापात झेडडीएम या नॅरोगेज डिझेल इंजिनाची टोपी प्लॅस्टिकच्या पत्र्यातून स्वतः कापून बसवायची. हात चालत नसेल तर थ्रीडी प्रिंट करून घ्यायची. डब्यांचंही तसंच. जगभर नॅरोगेजची मॉडेलं करणारे पुष्कळ लोक असंच करतात. एन स्केलच्या रुळांचे स्लीपर नॅरोगेजच्या मानाने बारीक आणि जवळजवळ असतात, ही एक उणीव राहते. पण आपल्या शाखामार्गावर स्लीपर दिसायचे तरी किती? माती, गवत आणि खडीत ते अर्धे गाडलेलेच असायचे. तेच मॉडेलमध्ये करा, उणीव झाकली जाईल.

यादीत डिजिटल कंट्रोलचे ४६,००० आहेत. एकाच रुळावर तीन-चार इंजिनं वेगवेगळी पळवायची असतील तेव्हा तो लागतो. तुमच्या लेआउटवर एका वेळी एकच गाडी असणार. तिला १२ व्होल्टचा साधा डीसी कंट्रोलर पुरतो. ही ओळ खोडा.

सीमाशुल्काची ओळ मात्र यादीत कुठेच नाही. खेळणी आणि मॉडेलं यांच्यावरचं मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. शिवाय आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. वैयक्तिक वापरासाठी म्हणून पार्सल आलं तर आकारणी वेगळ्या शीर्षकाखाली होऊ शकते, पण किमतीवर निम्मी रक्कम चढेल असं धरूनच हिशेब करायला हवा. तुमच्या यादीत इंजिनं ५६,०००, डबे ४४,०००, रूळ-सांधे ३९,००० आणि इमारती-झाडं ३३,००० आहेत. बेरीज १ लाख ७२ हजार. त्यावर ८६,००० चढले की एकूण खर्च ३ लाख ६० हजारांच्या पुढे जातो. कार्डाने परदेशी चलनात पैसे भरले तर बँकेची वरकड वेगळी. दारात आलेला कुरिअरवाला शुल्काचे पैसे मागतो तेव्हा आपण नाही म्हणत नाही, भरून मोकळे होतो. पुष्कळ घरांतलं बजेट मी असंच कोलमडताना पाहिलं आहे.

आता एफडी. तुमची ९ लाखांची पावती एकच आहे. काही बँका त्यातली थोडी रक्कम काढू देतात, पण अनेक ठिकाणी पावती मोडायची तर पूर्ण मोडावी लागते. तेव्हा व्याज ठरलेल्या दराने मिळत नाही. ठेव जितके महिने राहिली त्या मुदतीचा दर लागतो आणि त्यातून दंड वजा होतो, बहुधा अर्धा ते एक टक्का. समजा ७.२५ ऐवजी ५.७५ टक्के हातात आले, तर ९ लाखांवर १९ महिन्यांचे ढोबळ २१,००० रुपये गेले. बोर्ड, कंट्रोलर आणि चार भांडी रंग एवढ्यात आले असते.

पण खरं कारण दंड नाही. पत्रातलं गुडघ्यांचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, मी मात्र तिथेच अडकले. सांधेबदलाच्या शस्त्रक्रियेला आरोग्य पॉलिसीत प्रतीक्षाकाळ असतो, पुष्कळ पॉलिसींत २४ महिन्यांचा. तुमचे नऊ झाले आहेत. काकूंचा त्रास पॉलिसीच्या आधीपासूनचा असेल तर आधीच्या आजाराचा नियम लागतो, आणि तो काळ ३६ महिन्यांपर्यंत असू शकतो. म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत ऑपरेशन करायचं झालं तर विमा कंपनी कदाचित एक रुपयाही देणार नाही. पॉलिसीचं पुस्तक काढून ही दोन कलमं आजच वाचा, आणि प्रस्ताव अर्जात गुडघेदुखी लिहिली होती का तेही बघा. उत्तर काहीही निघो, ती ९ लाखांची एफडी काकूंच्या गुडघ्यांची आहे. १७ महिन्यांनी तिची मुदत संपेल, ऑपरेशनची वेळही तीच. मध्येच गरज पडली तर ती मोडा, त्या वेळी दंडाचा विचारही करू नका. पण इंजिनासाठी नको.

जावईबापूंना माझा नमस्कार सांगा, आणि ‘गुंतवणूक’ हा शब्द या कामातून काढून टाका. परदेशात जुन्या, मर्यादित संख्येच्या मॉडेलांना कधी कधी चांगला भाव येतो हे खरं. पण आपल्याकडे असं सामान विकत घेणारे मोजके. शुल्क भरून आणलेलं इंजिन विकायला काढलं तर शुल्काची रक्कम कोणी देत नाही. आणि तुम्ही स्वतः कापून, रंगवून केलेलं शेंदुर्णी स्टेशन तुम्ही विकणार आहात का? हा खर्च आहे. खर्च म्हणूनच लिहा, म्हणजे त्याला मर्यादा घालता येते. गुंतवणूक म्हटलं की माणूस हात सैल सोडतो.

मुलाचा हिशेब चुकीचा नाही. २ लाख ७५ हजार वर्षाला ७ टक्क्यांनी दहा वर्षं वाढले तर ५ लाख ४० हजारांच्या आसपास होतात. पण तुम्ही तेव्हा ७४ वर्षांचे असाल, आणि त्या पैशांचं काय करायचं हे त्याने सांगितलेलं नाही. तुमचं घर झालं, मुलांची लग्नं झाली, पेन्शनमध्ये महिना निघतो. तुमच्याकडे कमी आहे ती डोळ्यांना नीट दिसतं आणि हात स्थिर आहेत अशी वर्षं. १:८७ मध्ये स्टेशनमास्तरच्या खोलीचं दार २४ मिलिमीटरचं होतं. त्याची कडी रंगवायचं काम ७४ व्या वर्षासाठी राखून ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही.

मग पैसे कुठून? पोस्टातल्या १५ लाखांवर ८.२ टक्क्यांनी वर्षाला १ लाख २३ हजार येतात, तिमाहीला ३०,७५०. हे व्याज बचत खात्यात पडून राहतं असं तुम्हीच लिहिलं आहे. त्याचे दोन भाग करा. निम्म्याची आवर्ती ठेव, औषधपाणी आणि अडीनडीला. उरलेले सुमारे १५,००० दर तिमाहीला पीजेचे. वर्षाला ६०,००० झाले. मुद्दलाला हात लागत नाही, एखाद्या तिमाहीत घरात अडचण आली तर काम तीन महिने थांबतं, एवढंच. कार्डावर हप्त्याने मागवायची योजना तुम्ही शेवटी लिहिली आहे, ती नकोच. तिमाहीचं व्याज आलं की तेवढंच खर्चायचं, ही शिस्त हप्त्यात राहत नाही.

वर्षाच्या ६०,००० मध्ये काय बसेल याचा माझा अंदाज: प्लायवूड, पट्ट्या आणि सुताराची मजुरी १०,०००, रूळ आणि दोन-तीन सांधे १४,०००, इंजिनाचा सांगाडा १२,०००, कंट्रोलर ६,०००. उरलेले १८,००० हत्यारं, रंग आणि चुकांसाठी. चुकांची तरतूद मनापासून ठेवा, पहिलं छप्पर फुकट जाणारच.

जागेचं मात्र काकू म्हणतात तेच बरोबर. १० बाय ६ चं टेबल मधोमध ठेवलं तर खोली गेली, आणि भिंतीला लावलं तर पलीकडच्या कडेला हात पोचत नाही. घसरलेला डबा उचलायला टेबलावर चढावं लागेल. पाचोरा ते जामनेर ५६ किलोमीटर. ८७ ने भागले तरी ६४० मीटरच्या वर. म्हणजे पूर्ण मार्ग १० फुटांत काय, तुमच्या गल्लीतही मावणार नाही. निवड करावीच लागणार, तर एकच स्टेशन घ्या. प्लायवूडचा ८ बाय ४ चा एक तावा लांबीत उभा चिरला की ८ बाय २ चे दोन बोर्ड निघतात. एका बोर्डाची ८ फूट लांबी म्हणजे खरे २१२ मीटर, रुंदी ५३ मीटर. थोडं आखडतं घेतलं तर त्यात फलाट, एक लूप लाइन, स्टेशनची इमारत, फाटक, कडेला कपाशीचं शेत आणि निंबाचं झाड येतं. बोर्ड चार-चार फुटांच्या दोन तुकड्यांत करून बोल्टने जोडा. दिवाळीला तुकडे पलंगाखाली जातील, मुलं खोलीत झोपतील. दुसरा बोर्ड जपून ठेवा, त्यावर पुढे पहूर येईल.

माती, गवत, झाडं यांचे ३३,००० तर देऊच नका. वापरून वाळवलेली चहाची पत्ती, चाळलेली शेतातली माती, रंगवलेला लाकडाचा भुसा आणि पाणी घातलेलं फेविकॉल. खानदेशातली माती तुमच्या अंगणात असताना ती परदेशातून पाकिटात कशाला मागवायची?

आणखी एक गोष्ट हिशेबाच्या बाहेरची, पण मला महत्त्वाची वाटते. पीजे मार्च २०२० मध्ये थांबली. आता मार्गाचं ब्रॉडगेजमध्ये रुंदीकरण आणि बोदवडपर्यंतचा विस्तार मंजूर आहे. रुंदीकरणात जुन्या इमारती, फलाटांच्या उंच्या, सांध्यांच्या जागा बदलतात. जे उभं असेल त्याची मापं आत्ताच घ्यायला हवीत. संबंधितांना विचारून टेप, वही आणि मोबाइल घेऊन जा. दारं, खिडक्या, छपराचा उतार, पाटीवरच्या अक्षरांची उंची, सगळं लिहून काढा. शेंदुर्णीत तुमचे सोबती असतील, त्यांच्याकडचे जुने फोटो मागा. याला एसटीच्या तिकिटापलीकडे खर्च नाही, आणि ही वही मॉडेल अर्धवट राहिलं तरी वाया जाणार नाही.

पुण्याला लेकीकडे जाता तेव्हा कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय बघून या. १९९८ पासून ते सुरू आहे. काकूंना सोबत न्या. ‘खेळणी’ हा शब्द त्यांनी का वापरला ते मला कळतं. त्यांनी असं काही चालताना पाहिलेलं नाही. आणि एक विचारू का? १५,००० तुमच्या छंदाला बाजूला निघतात, तसे काकूंच्या मनातल्या कशाला निघतात का? पत्रात त्यांच्याबद्दल गुडघे आणि तक्रार एवढंच आहे. आवर्ती ठेवीतल्या वाट्यातून त्यांच्या नावाची एक रक्कम ठरवा, आणि ती कशावर खर्चायची हे त्यांना विचारा, सुचवू नका.

ज्येष्ठ नागरिक योजनेचं पुढचं व्याज १ ऑक्टोबरला जमा होईल. तोपर्यंत काही विकत घेऊ नका. पॉलिसीची कलमं वाचून झाली की मला कळवा, आणि शेंदुर्णीची मापं घेऊन आलात की इमारतीच्या दर्शनी भिंतीचा फोटो पाठवा. पहूरच्या फलाटावर पाण्याचा नळ नेमका कुठल्या टोकाला होता ते मी आईला विचारून ठेवते.