तुमचे प्रश्न : मुलगा परत घरी येतोय, माझे बेनिफिट बंद होतील का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी लेस्टरला कौन्सिलच्या फ्लॅटमध्ये एकटीच राहते, वय 78, मिस्टरांना जाऊन बरीच वर्षं झाली. स्टेट पेन्शन आठवड्याला 150 पौंड, वर पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना सरकार देतं ती भर) 160 पौंड, आणि गुडघे गेलेत, आंघोळ-कपडे एकटीने जमत नाहीत म्हणून अटेंडन्स अलाउन्स मिळतो. भाडं आणि कौन्सिल टॅक्स कौन्सिलच भागवते. आता मोठा मुलगा, 43 चा, संसार मोडलाय त्याचा, माझ्याकडे राहायला येतो म्हणतोय, तुझं पण करीन म्हणतो. पण देवळात भेटणाऱ्या बायका सांगतात की तो आला की तुमचं सगळं बंद होणार, त्याचं नाव कुठे सांगूच नका. पोटच्या पोराला नको येऊस म्हणू का आता?

उत्तर : काकू, नको येऊस अजिबात म्हणू नका, आणि लपवून तर मुळीच ठेवू नका. सगळं बंद वगैरे काही होत नाही. एक रक्कम मात्र नक्की जाणार आहे आणि ती मोठी आहे, पण गंमत म्हणजे देवळातल्या बायका ज्याला घाबरतायत ती ही नव्हेच.

बहुतेकांना भीती असते भाड्याची. घरात दुसरा कमावता मोठा माणूस आला की त्याने भाड्यात हातभार लावावा असं धरून हाऊसिंग बेनिफिटमधून, म्हणजे भाड्यासाठीच्या मदतीतून, कपात होते, तो खरंच पैसे देतो की नाही हे कुणी बघत नाही. पण तुम्हाला अटेंडन्स अलाउन्स चालू आहे ना, मग तुमच्या बाबतीत ही कपात होतच नाही, मुलगा कितीही कमावत असला तरी! कौन्सिल टॅक्सचंही तसंच, एकट्या माणसाची 25 टक्के सूट जाईल, बिल वाढेल, पण तुम्ही पेन्शन क्रेडिटच्या गॅरंटी भागावर (ठरलेल्या किमान रकमेपर्यंत उत्पन्न भरून देणारा भाग) आहात त्यामुळे वाढलेलं बिलही कौन्सिल टॅक्स रिडक्शन या सवलतीत भरून निघतं. स्टेट पेन्शन आणि अटेंडन्स अलाउन्सचा तर घरात कोण राहतं याच्याशी संबंधच नाही. आणि तो घरखर्चाला जे काही हातावर ठेवेल ते तुमचं उत्पन्न म्हणून धरलं जात नाही, तेव्हा संकोच न करता घ्या.

आता खरा फटका. पेन्शन क्रेडिटचं पत्र काढा, पहिलं पान नको, आत जिथे हिशोब मांडलाय ते पान. तिथे एकट्या माणसाचे 227.10 पौंड दिसतील आणि त्याखाली सिव्हिअर डिसॅबिलिटीची (गंभीर अपंगत्वाची) जास्तीची रक्कम, 82.90. (या सदरातले सगळे आकडे एप्रिल 2025 ते एप्रिल 2026 या वर्षाचे.) दोन्ही मिळून 310, त्यातून तुमची 150 पेन्शन वजा केली की 160 उरतात, म्हणजे तुम्हाला मिळतात तेच. ती 82.90 ची ओळ तुम्हाला मिळते कारण तुम्ही एकट्या राहता आणि तुमची काळजी घेण्याबद्दल कुणी केअरर्स अलाउन्स घेत नाही. मुलगा कायमचा राहायला आला की ही ओळ जाते आणि हातात उरतात 77.10. वर्षाला चार हजारांवर पौंड झाले, ही रक्कम लहान नाही, म्हणून तो यायच्या आधीच हिशोब करून ठेवायचा. काही लोक सुचवतात की भाडेकरारावर त्याचं नाव घाला म्हणजे वाचेल, त्याने तुमचं काही वाचणार नाही, कारण तो जवळचा नातेवाईक आहे.

पण काकू, पुढचं नीट वाचा, कारण हे कुणी सांगत नाही आणि माझा जीव इथेच तुटतो. तो आठवड्याला 35 तास तुमचं करणार असेल, म्हणजे आंघोळ घालणं, औषधं, स्वयंपाक, रात्री उठवणं, तर त्याला केअरर्स अलाउन्स मिळू शकतो, 83.30 पौंड. एरवी मी एकट्या राहणाऱ्या आईला सांगते की मुलीला हा क्लेम करू देण्याआधी दहादा विचार करा, कारण त्याने आईचे 82.90 जातात. तुमचे मात्र तो राहायला आल्यामुळे तसेही जाणारच आहेत, मग त्याच्या क्लेमने तुमचं आणखी काही जात नाही. घरात जवळजवळ तेवढेच पैसे परत येतात, फक्त त्याच्या नावावर.

मुख्य अट अशी की टॅक्स वगैरे जाऊन त्याची कमाई आठवड्याला 196 पौंडांच्या (2025-26 ची मर्यादा) वर नको. त्या वर्षीच्या तासाला 12.21 पौंड किमान वेतनाने 16 तासांचे 195.36 होतात, मर्यादा बरोब्बर त्यावर बेतलेली. एक पौंड वर गेला की त्या आठवड्याचे पूर्ण 83.30 जातात, आणि लोकांच्या डोक्यावर हजारोंची वसुली बसली ती याच्याचमुळे, तेव्हा ओव्हरटाइमला नाही म्हणायला शीक म्हणावं त्याला. तो युनिव्हर्सल क्रेडिटवर (कामाच्या वयातल्या कमी उत्पन्नवाल्यांची सरकारी मदत) असेल तर केअरर्स अलाउन्स त्यातून वजा होतो पण केअरर एलिमेंट, म्हणजे काळजी घेणाऱ्याची जास्तीची रक्कम, जोडला जातो, ते आकडे वेगळे काढावे लागतील. आणि त्याच्या व्हिसावर पब्लिक फंड्स (सरकारी मदत) घेता येत नाहीत असं लिहिलेलं असेल तर केअरर्स अलाउन्सला हातही लावायचा नाही.

तो आधी दोनतीन आठवडे येऊन राहिला तर काही बिघडत नाही, त्याचं घर दुसरीकडे असेल तर तो पाहुणाच. पण बँकेची पत्रं तुमच्या पत्त्यावर यायला लागली, जीपीकडे इथला पत्ता दिला, कपाट भरलं, की तो राहतो असंच धरतात. तेव्हा पेन्शन सर्व्हिसला (पेन्शन क्रेडिट देणारं खातं) आणि कौन्सिलला, दोन्हीकडे वेगवेगळं कळवा, फोन केला तर तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव वहीत टिपा. न कळवता घेतलेले पैसे परत मागतात, वर 50 पौंड दंडही लावू शकतात, आणि 78 व्या वर्षी चौकशीचा इंटरव्ह्यू तुमच्या वाट्याला येऊ नये असं मला मनापासून वाटतं. एकटीने करू नका, एज यूके किंवा सिटिझन्स अॅडव्हाइस या मदत संस्थांकडे ते आतलं पान घेऊन जा, फुकट हिशोब करून देतात.

हो, आणि पेन्शन क्रेडिट थोडं का होईना चालू राहतंय, त्यामुळे 75 नंतरचं फुकट टीव्ही लायसन्सही राहील.

प्रश्न : मी 57 ची, स्लाऊला खाजगी भाड्याच्या घरात, युनिव्हर्सल क्रेडिटवर. मुलगी 22 ची, युनिव्हर्सिटी संपवून परत येतेय, अजून नोकरी नाही. तिच्यामुळे माझे पैसे कमी होतील का?

उत्तर : होऊ शकतात. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये नियम वेगळा, 21 पूर्ण झालेल्या मुलामागे घरभाड्याच्या भागातून महिन्याला 93.02 पौंड (2025-26 चा आकडा) कापतात, तिला पगार असो नसो, हे मला पटत नाही पण आहे तसं आहे. तुम्हाला पिपचा (आजारपण-अपंगत्वासाठीचा भत्ता) डेली लिव्हिंग भाग, म्हणजे रोजच्या कामांसाठीचा भाग, मिळत असेल तर कपात नाही. दुसरी बाजू अशी की ती आली की तुमच्या भाड्याच्या मदतीची मर्यादा एका बेडरूमऐवजी दोनची धरली जाते, त्यामुळे भाडं आत्ताच्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर उलट फायदाही होऊ शकतो, दोन्ही आकडे मांडून बघा. कोर्स चालू होता तोवर कौन्सिल टॅक्समध्ये तिला धरत नव्हते, आता धरतील आणि 25 टक्के सूट जाईल. कळवायचं मात्र ती येईल त्याच असेसमेंट पिरियडमध्ये (युनिव्हर्सल क्रेडिटच्या हिशोबाचा महिना), पुढच्या महिन्यावर ढकलू नका.